मूल सारखं पडतंय, जिना चढताना थकतंय: स्नायूंच्या दुर्मीळ आजारांचं निदान जनुकीय तपासणीतून कसं होतं?

साडेतीन-चार वर्षांचा मुलगा. पळताना सारखा पडतो. जिना चढताना कठडा धरतो, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवूनच पुढची पायरी चढतो. जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात ठेवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात.

घरातले म्हणतात, "जरा आळशीच आहे." शेजारी म्हणतात, "मुलगे उशिराच चालतात." मग कॅल्शियमचं औषध सुरू होतं, तेलाने मालिश होते, कुणी बूट बदलायला सांगतं. असं करता करता एक-दोन वर्षं निघून जातात.

डॉक्टरांच्या दृष्टीने हे चित्र ओळखीचं आहे. हात टेकत उठण्याच्या या पद्धतीला 'गॉवर्स साइन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी तिचं वर्णन केलं होतं. ही खूण दिसली की मांड्या आणि कमरेभोवतीचे स्नायू कमजोर झाले आहेत, असा अर्थ निघतो. ते का कमजोर झाले, याचं उत्तर आज बहुतेक वेळा रक्ताच्या थोड्याशा नमुन्यातून मिळतं. त्यासाठी लागते जनुकीय तपासणी.

ही तपासणी नेमकी काय शोधते? कधी करायची? रिपोर्टमध्ये काहीच सापडलं नाही तर? आणि उपचार महाग किंवा उपलब्धच नसतील, तर तपासणी करून उपयोग काय? हे समजून घेऊ.

हे आजार नेमके कोणते?

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूकडून निघालेला आदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशींकडे येतो, तिथून चेतातंतूंवाटे स्नायूपर्यंत पोहोचतो आणि स्नायू आकुंचन पावतो. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतच्या या वाटेवर कुठेही बिघाड झाला, तर त्याला न्यूरोमस्क्युलर आजार म्हणतात.

बिघाड चेतापेशीत असेल तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. चेतातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथे असेल तर मायस्थेनियासारखे आजार. खुद्द स्नायूत असेल तर मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि मायोपथी.

यातला प्रत्येक आजार एकेकटा दुर्मीळ आहे. लहान मुलांमध्ये त्यातल्या त्यात जास्त आढळणारे दोन. पहिला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी. तो साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. दुसरा एसएमए. तो मुलगे आणि मुली दोघांनाही होतो, साधारण दहा हजार जन्मांमागे एकाला. त्यापलीकडे या गटात शेकडो आजार आहेत आणि त्यांना कारणीभूत असलेली शेकडो जनुकंही आता माहीत झाली आहेत.

अडचण अशी की बाहेरून हे आजार एकमेकांसारखेच दिसतात. बाळ ढिलं पडतं, मान धरत नाही, उशिरा चालतं किंवा चालायला लागून पुन्हा अडखळायला लागतं. नुसतं बघून कोणतं जनुक बिघडलं आहे, हे अनुभवी डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

पहिला इशारा साध्या रक्ततपासणीत

जनुकीय तपासणीच्या आधी एक स्वस्त तपासणी होते. तिचं नाव सीपीके. स्नायूंच्या पेशी फुटल्या की त्यातलं हे एन्झाइम रक्तात येतं. ते साधारणपणे दोनशे युनिटच्या आत असतं. डीएमडी झालेल्या मुलात हा आकडा दहा-वीस हजारांच्या घरात जातो आणि तोही चालण्यातला फरक नीट लक्षात येण्याआधीपासून.

इथेच एक नेहमीचा घोळ होतो. एसजीओटी आणि एसजीपीटी या तपासण्या लोक 'लिव्हरच्या तपासण्या' म्हणून ओळखतात. पण ही एन्झाइम्स स्नायूंमध्येही असतात. ताप किंवा पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत ती वाढलेली दिसली की मुलाच्या यकृताचे उपचार सुरू होतात. सोनोग्राफी होते, काविळीच्या तपासण्या होतात, क्वचित यकृताचा तुकडा काढून तपासण्यापर्यंत मजल जाते. खरं दुखणं मात्र पायांच्या स्नायूंत असतं.

म्हणून एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं आहे, पण कावीळ नाही आणि मूल चालण्यात मागे आहे, अशा वेळी सीपीके करायलाच हवं.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. सीपीके नॉर्मल आलं म्हणजे आजार नाही, असं नाही. एसएमएमध्ये बिघाड चेतापेशीत असतो, त्यामुळे सीपीके नॉर्मल किंवा किंचित वाढलेलं असू शकतं.

जनुकात नेमकं काय बिघडतं?

जनुक म्हणजे शरीरातलं एखादं प्रथिन कसं बनवायचं, याची लिहिलेली कृती. ही कृती चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते आणि पेशी ती तीन-तीन अक्षरांचे शब्द करून वाचते.

डीएमडीमध्ये बिघडतं ते डिस्ट्रोफिन या प्रथिनाचं जनुक. 1986 मध्ये त्याचा शोध लागला. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी हे एक आहे, सुमारे 22 लाख अक्षरांचं. त्यातला प्रत्यक्ष प्रथिनाचा मजकूर जेमतेम 11 हजार अक्षरांचा. हा मजकूर 79 तुकड्यांत विखुरलेला असतो. या तुकड्यांना एक्सॉन म्हणतात. डिस्ट्रोफिन स्नायूपेशीच्या आवरणाला आधार देतं. ते नसेल तर प्रत्येक हालचालीसोबत पेशी थोड्या थोड्या फाटत जातात आणि कालांतराने स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साचतात. पोटरी भरलेली दिसते त्याचं कारण हेच. ती ताकद नव्हे.

जनुकातला तुकडा गळला तर काय होतं, हे मराठी वाक्यातून पाहता येईल. तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचं हे वाक्य घ्या:

मदन गवत उचल सरळ पसर

यातला 'उचल' हा अख्खा शब्द गळला, तर उरतं 'मदन गवत सरळ पसर'. वाक्य आखूड झालं, पण अर्थ लागतो. आता फक्त 'ग' हे एक अक्षर गळलं असं समजा. पेशी तीन-तीन अक्षरंच वाचणार. मग वाक्य होतं:

मदन वतउ चलस रळप सर

पुढे सगळा गोंधळ. प्रथिन बनणं तिथेच थांबतं.

डिस्ट्रोफिनमध्ये हेच होतं. गळलेल्या तुकड्यामुळे पुढची वाचनाची घडी बिघडली नाही, तर आखूड पण थोडंफार काम करणारं प्रथिन बनतं आणि मुलाला सौम्य स्वरूपाची बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी होते. घडी बिघडली तर प्रथिन जवळजवळ बनतच नाही आणि तीव्र स्वरूपाचा ड्युशेन होतो. याला अपवाद आहेत, पण बहुतेक रुग्णांत हा नियम लागू पडतो. म्हणजे गळलेला तुकडा मोठा की लहान, यापेक्षा तो नेमका कुठला, हे महत्त्वाचं. एकच एक्सॉन गळलेल्या मुलाला ड्युशेन असू शकतो आणि कित्येक एक्सॉन गळलेल्याला बेकर.

याच तर्कावर 'एक्सॉन स्किपिंग' ही औषधं बनली आहेत. वरच्या वाक्यात 'ग' गळलाच आहे, तर 'वत' ही दोन अक्षरंही वगळली की उरतं 'मदन उचल सरळ पसर'. घडी पुन्हा बसली. अमेरिकेत 2016 मध्ये या प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते 51व्या एक्सॉनसाठी आहे आणि डीएमडीच्या सुमारे 13 टक्के रुग्णांनाच लागू पडतं. त्याचा प्रत्यक्ष फायदा किती, यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण आपलं मूल त्या 13 टक्क्यांत आहे की नाही, हे जनुकीय रिपोर्टशिवाय कळणारच नाही.

कोणती तपासणी आधी, कोणती नंतर?

'जीन टेस्ट' असा एकच शब्द वापरला जातो, पण तपासण्या अनेक आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

जनुक म्हणजे पुस्तक मानलं, तर त्यात दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एक, पानंच गळणं किंवा तेच पान दोनदा बांधलं जाणं. दोन, पानं सगळी जागेवर, पण एखादं अक्षर चुकीचं छापलेलं.

पहिल्या प्रकारची चूक शोधायला एमएलपीए ही तपासणी करतात. ती पानं मोजते. डीएमडीच्या प्रत्येक दहा रुग्णांपैकी सात ते आठ जणांमध्ये एक किंवा अधिक एक्सॉन गळलेले किंवा दुप्पट झालेले असतात. त्यामुळे डीएमडीची शंका असेल तर सुरुवात एमएलपीएपासून होते. काही हजार रुपयांच्या या तपासणीत बहुतेक मुलांचं निदान होऊन जातं.

एमएलपीएमध्ये काही सापडलं नाही, तर अक्षर न् अक्षर वाचणारी सिक्वेन्सिंग तपासणी करावी लागते. पूर्वी हे काम एकेका तुकड्याचं होतं. आता 'एनजीएस' तंत्रामुळे शेकडो जनुकं एकाच वेळी वाचता येतात. ठरावीक जनुकांचा संच वाचला तर त्याला पॅनल म्हणतात. सगळ्या, म्हणजे सुमारे वीस हजार जनुकांचा प्रथिनांशी संबंधित मजकूर वाचला, तर ती एक्सोम तपासणी. तिचा खर्च पॅथॉलॉजी लॅबमधल्या नेहमीच्या तपासण्यांच्या कितीतरी पट असतो आणि रिपोर्टला काही आठवडे लागतात.

मग थेट एक्सोमच का करू नये? कारण सगळ्यात महाग तपासणी म्हणजे सगळं पकडणारी तपासणी नव्हे.

एसएमएचं उदाहरण घ्या. यात एसएमएन-1 हे जनुक गळलेलं असतं. पण शरीरात त्याचं जवळजवळ जुळं जनुक आहे, एसएमएन-2. दोन्ही इतकी सारखी की साध्या एक्सोमचा गोंधळ होतो. एसएमए त्यातून निसटू शकतो. एमएलपीएसारख्या मोजणीच्या तपासणीत मात्र सुमारे 95 टक्के रुग्ण सापडतात.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत तीन अक्षरांचा एक तुकडा शेकडो वेळा पुन्हा पुन्हा लिहिला जातो. तोही साध्या एक्सोममध्ये दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. म्हणून कोणती तपासणी करायची, हे मुलाला तपासलेल्या बालमेंदूविकारतज्ज्ञाने किंवा जनुकतज्ज्ञाने ठरवायला हवं. ऑनलाइन पॅकेज बघून ठरवण्याची ही गोष्ट नाही.

पूर्वी निदानासाठी स्नायूचा तुकडा काढून तपासत असत. आजही बायॉप्सीची गरज पडते, पण जनुकीय तपासणीतून उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेल्या उत्तराची खात्री करायची असेल तेव्हा. डीएमडी किंवा एसएमएची स्पष्ट लक्षणं असलेल्या मुलाला आधी सुई-चिरा, मग जनुक, हा क्रम आता उलटला आहे.

एसएमए: इथे प्रत्येक आठवडा मोजावा लागतो

एसएमएच्या तीव्र प्रकारात, म्हणजे टाइप-1 मध्ये, बाळ जन्मतः ठीक दिसतं. पहिल्या काही महिन्यांतच पाय हलवणं कमी होतं, मान धरत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढायला त्रास होतो. नजर मात्र चमकदार आणि हुशार असते. उपचार न मिळाल्यास यातली बहुतेक बाळं दोन वर्षांची होण्याआधी दगावतात किंवा कायमची व्हेंटिलेटरवर जातात.

कारण मज्जारज्जूतल्या चेतापेशी झपाट्याने मरत असतात आणि मेलेली चेतापेशी परत येत नाही. 2016 नंतर एसएमएवर तीन महत्त्वाचे उपचार आले: पाठीच्या कण्यातून देण्याचं न्यूसिनर्सेन, एकदाच शिरेतून देण्याची झोल्जेन्स्मा ही जीन थेरपी आणि रोज तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम. हे उपचार उरलेल्या पेशी वाचवतात. त्यामुळे लक्षणं दिसण्याआधीच उपचार मिळालेली अनेक बाळं बसली, चालली. उशिरा उपचार मिळालेल्या बाळांना तेवढा फायदा होत नाही.

म्हणूनच अमेरिकेने 2018 मध्ये नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन होणाऱ्या तपासण्यांच्या शिफारस केलेल्या यादीत एसएमएचा समावेश केला. भारतात प्रत्येक नवजात बाळाची अशी तपासणी होत नाही. इथे पहिली तपासणी बहुतेक वेळा आईच्याच नजरेतून होते.

या रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा असतो, एसएमएन-2च्या प्रती किती. हे जुळं जनुक थोडंसं उपयोगी प्रथिन बनवतं. प्रती जितक्या जास्त, तितका आजार साधारणपणे सौम्य. उपचार ठरवताना हा आकडा बघितला जातो.

नेमकं जनुक कळल्याने उपचार खरंच बदलतात का?

काही आजारांत हा फरक आयुष्य बदलणारा असतो.

जन्मजात मायस्थेनियात चेतातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. त्याच्या बऱ्याच प्रकारांत पायरिडोस्टिग्मिन हे औषध लागू पडतं. पण डीओके-7 किंवा सीओएलक्यू ही जनुकं बिघडलेली असतील, तर याच औषधाने मुलाची तब्येत आणखी ढासळू शकते. त्या मुलांना उपयोग होतो साल्ब्युटामॉलचा, म्हणजे दम्यासाठी घराघरात माहीत असलेल्या औषधाचा. लक्षणं तीच, आजाराचं नाव तेच, पण जनुक बदललं की औषध उलटं.

दुसरा एक दुर्मीळ आजार आहे, ज्यात शरीरात बी-2 जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, वाहून नेणारं प्रथिन बिघडतं. मुलाचे हात कमजोर होतात, ऐकू येणं कमी होतं, श्वास अडखळतो. जनुक ओळखलं गेलं तर उपचार काय? डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोठ्या मात्रेत तेच जीवनसत्त्व. वेळेवर सुरू केलं तर त्यातून सुधारलेली मुलं आहेत.

पॉम्पे या आजारात शरीरात नसलेलं एन्झाइम बाहेरून देता येतं. उपचार महाग आहे, पण आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळीही रिपोर्ट उपयोगी पडतो. काही स्नायूविकारांत भूल देण्याची ठरावीक औषधं जिवावर बेतू शकतात. डीएमडीच्या मुलाला हर्नियाच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी नेतानाही भूलतज्ज्ञाला निदान माहीत असायला हवं.

रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' लिहिलंय. म्हणजे काय?

जनुकीय रिपोर्टचं उत्तर दरवेळी 'हो' किंवा 'नाही' असं येत नाही. प्रत्येक माणसाच्या जनुकांत हजारो लहानमोठे फरक असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. सापडलेला फरक आजाराचं कारण आहे, कदाचित आहे, नाही, बहुधा नाही, की सांगता येत नाही, अशा पाच पायऱ्यांत लॅब तो मांडते. 'सांगता येत नाही' या पायरीचं नाव व्हीयूएस.

व्हीयूएस म्हणजे निदान नव्हे. त्याच्या आधारावर गर्भपाताचा किंवा औषधाचा निर्णय घेऊ नये, असं तज्ज्ञ सांगतात. अशा वेळी आई-वडिलांची तपासणी उपयोगी पडते. तोच फरक धडधाकट वडिलांमध्येही असेल, तर काही आजारांत तो दोषमुक्त ठरतो. आई-वडील दोघांतही नसून मुलात नव्यानेच आलेला असेल, तर संशय वाढतो.

भारतीय कुटुंबांना ही अडचण जास्त येते, कारण जगातल्या जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या लोकांचा वाटा मोठा आहे. इथल्या एखाद्या समाजात सर्रास आढळणारा फरक परदेशी माहितीसाठ्यात 'दुर्मीळ' दिसतो. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात देशभरातल्या वेगवेगळ्या समाजगटांतल्या सुमारे 10 हजार लोकांचे जीनोम वाचले गेले, त्याचा उपयोग इथे होतो.

एक्सोम करूनही साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांत पक्कं उत्तर मिळत नाही. पण रिपोर्ट रद्दीत टाकू नये. नवीन जनुकं सापडत जातात, तशी जुनीच माहिती एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासून घेता येते आणि काही वेळा तेव्हा उत्तर मिळतं.

"आईकडून आलाय," असं म्हणणं बरोबर आहे का?

डीएमडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं. हे वाक्य घरात पोहोचलं की बऱ्याचदा त्याचा अर्थ 'सुनेमुळे झालं' असा काढला जातो.

विज्ञान काय सांगतं? साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये आईच्या जनुकात दोषच नसतो, तो मुलात नव्यानेच तयार झालेला असतो. उरलेल्या बहुतेक घरांत आई वाहक असते, पण तिला ते माहीत नसतं. वाहक असणं ही तिने केलेली चूक नाही. गरोदरपणात काय खाल्लं, कोणतं काम केलं, ग्रहण पाळलं की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

एसएमएचं गणित वेगळं आहे. तिथे आई आणि वडील दोघेही वाहक असावे लागतात. साधारण 40 ते 60 लोकांमागे एक जण एसएमएचा वाहक असतो आणि तो पूर्ण निरोगी असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मामाच्या किंवा आत्याच्या मुला-मुलींशी लग्नाची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेर लग्न केलं म्हणजे धोका शून्य, असंही नाही.

आई वाहक आहे की नाही, हे दोष देण्यासाठी तपासायचं नसतं. ती वाहक असेल तर तिच्या हृदयाची ठरावीक काळाने तपासणी व्हायला हवी, कारण काही वाहक स्त्रियांमध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होतात. तिच्या बहिणींनाही तपासणीचा पर्याय सांगता येतो.

पुढच्या गरोदरपणात काय करता येतं?

आई डीएमडीची वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता 50 टक्के आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता 50 टक्के असते. आई वाहक नाही असा रिपोर्ट आला तरी धोका पूर्ण संपत नाही, कारण दोष फक्त काही बीजपेशींत लपलेला असू शकतो.

पहिल्या मुलातला नेमका दोष माहीत असेल, तर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन किंवा 16 आठवड्यांच्या पुढे गर्भजल घेऊन गर्भाची तपासणी करता येते. नेमका दोष माहीत नसेल, तर गर्भात काय शोधायचं हेच कळत नाही. म्हणून आजारी मुलाची तपासणी पुढच्या गरोदरपणाच्या आधी व्हायला हवी. मूल वाचण्याची आशा नसतानाही डॉक्टर त्याच्या रक्तातला डीएनए जपून ठेवायला सांगतात, ते याचसाठी.

गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात हे बसतं का? बसतं. पीसीपीएनडीटी कायदा लिंग सांगण्यावर आणि लिंगनिवडीवर बंदी घालतो. लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसह ठरावीक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला तो परवानगी देतो.

तपासणी कुठे होते आणि सरकारी मदत मिळते का?

गावपातळीवर पहिला टप्पा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांना तपासतात. तिथून मुलाला पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवलं जातं.

2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार देशातल्या काही मोठ्या रुग्णालयांना 'सेंटर ऑफ एक्सलन्स' हा दर्जा मिळाला. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. 2022 पासून या केंद्रांमार्फत एका रुग्णाला उपचारांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. एसएमए आणि डीएमडी दोन्ही या धोरणाच्या यादीत आहेत. पण त्यासाठी आधी केंद्रात नोंदणी लागते आणि निदान पक्कं असावं लागतं.

50 लाखही किती अपुरे पडू शकतात, हे 2021 मध्ये दिसलं. मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका बाळाच्या झोल्जेन्स्मासाठी पालकांनी लोकवर्गणीतून सुमारे 16 कोटी रुपये उभे केले. केंद्र सरकारने त्यावरचा सुमारे 6 कोटींचा कर माफ केला. प्रत्येक घराला हे जमणं शक्य नाही.

आता चित्र थोडं बदलतंय. रिसडिप्लामची एक बाटली भारतात सुमारे 6 लाखांना मिळत होती. पेटंटच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये रोश कंपनीचं अपील फेटाळलं. त्यानंतर हैदराबादच्या नॅटको कंपनीने याच औषधाची जेनेरिक आवृत्ती 15,900 रुपये किमतीला आणली. औषध आवाक्याच्या जवळ येतं, तसं निदान लवकर होण्याचं महत्त्व वाढतं.

उपचारच नसेल तर तपासणी कशाला?

डीएमडी मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. अमेरिकेत 2023 मध्ये त्यावरच्या जीन थेरपीला मान्यता मिळाली, पण 2025 मध्ये यकृत निकामी होऊन रुग्णांचे मृत्यू झाल्यावर तिच्या वापरावर कडक निर्बंध आले.

तरीही निदानाने बरंच काही बदलतं. योग्य वेळी सुरू केलेल्या स्टिरॉइडमुळे मुलाचं चालणं साधारण काही वर्षं लांबवता येतं. हृदयाची औषधं वेळेवर सुरू करता येतात, श्वासाकडे लक्ष ठेवता येतं. कोणता व्यायाम करायचा आणि कोणता टाळायचा, हे कळतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यामुळे प्रमाणपत्र, शाळेतल्या सवलती आणि पेन्शनचा मार्ग मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट थांबते. ती म्हणजे वणवण. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्टेम सेलने मस्क्युलर डिस्ट्रॉफी बरी' अशा जाहिराती फिरतात. अशा उपचारापायी लोकांनी कर्ज काढलं, दागिने मोडले. स्नायूंच्या या आजारांवर स्टेम सेलचा उपचार भारतात मान्यताप्राप्त नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधन चाचणीतच देता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेतले जात नाहीत. पैसे मागितले जात असतील, तर तिथेच थांबायला हवं.

पालकांनी डॉक्टरांना काय विचारावं?

• मुलाचं सीपीके किती आहे? एसजीपीटी वाढलेलं असेल, तर ते स्नायूंमुळे तर नाही?

• आधी एमएलपीए की थेट पॅनल किंवा एक्सोम? या तपासणीतून कोणते आजार निसटू शकतात?

• रिपोर्ट पक्का आहे की व्हीयूएस? आई-वडिलांची तपासणी गरजेची आहे का?

• धाकट्या भावंडांना तपासायचं का? एसएमए असलेल्या घरात नवं बाळ आलं, तर लक्षणांची वाट न पाहता पहिल्या काही दिवसांतच तपासणी करावी लागते. निरोगी बहीण फक्त वाहक आहे का, हे मात्र ती सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत सहसा तपासत नाहीत.

• रिपोर्ट समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक कुठे भेटेल?

मूळ रिपोर्टची प्रत जपून ठेवावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावी. 'मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे' एवढं सांगणं पुरेसं नसतं. कोणतं जनुक आणि त्यातला कोणता दोष, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. उद्या नवीन औषध आलं, तर ते या मुलासाठी आहे की नाही, हे त्याच एका ओळीवरून ठरणार आहे.